मधलं पोतं

होता की नव्हता,
राचाच्या डोंगरात गोष्ट अशीच उघडते,
एक फळी आत, एक फळी बाहेर.
वार्देन पाणचक्कीवाला मात्र होताच.
भुवयांवर पिठाचा थर,
उजवा कान बहिरा, तो दगडाच्या बाजूचा.

रीत एवढीच, की दळण सरेस्तोवर गोष्ट.
पायलीभर मक्याला एक राजकन्या पुरते.
पोत्याला तीन भाऊ, तीन वाटा,
वाटेच्या टोकाला तीन डोक्यांचा देवी.
(तिकडे राक्षसाला देवी म्हणतात.
आपण हात जोडायच्या आत तो खाऊन टाकतो.)

त्या वर्षी घाट लवकर बंद झाला.
आख्ख्या गावाचा मका एकदम आला, ओलसर,
आणि वार्देनला थांबायला जागाच उरली नाही.
देवीच्या तिन्ही डोक्यांना तोंडं होती,
तोंडं म्हटली की आपापली गोष्ट आली,
गोष्ट म्हटली की तीन भाऊ.
नाताळपर्यंत सत्तावीस झाले,
पुढल्या बर्फात एक्क्याऐंशी,
मग नावं संपली
आणि त्यानं रांगेतली माणसं आत ओढली.
ग्रिगोल सुतार उंबऱ्यावर दगड झाला,
पाद्रीबाबा आठवडाभर बेडूक होते,
त्यांनी तक्रार केली नाही; चक्कीत ऊब होती.

मक्वाला तीन बहिणींतली मधली.
तिला कुठं बसवायचं हे विचारावंही लागलं नाही.
थोरला निघाला. वाटेत म्हातारीनं भाकर मागितली.
दिली नाही. दगड झाला.
मधल्यानंही तसंच केलं.
बस. दर वेळी एवढंच.
थोरल्याला निदान घोडा होता,
घोड्याला रंग होता,
धाकट्याच्या तर झोपेचंही कौतुक.
मधल्यानंही तसंच केलं,
हे वार्देन श्वास घेता घेता म्हणायचा,
दाणे आत ढकलायची वेळ असायची ती.

फेब्रुवारीत एका रात्री
चक्कीचा आवाज पातळ झाला.
आधी कुणाला कळलं नाही.
मग जळका वास आला, गारगोटीचा.
दाणा नव्हता. दगडच दगडाला दळत होता,
फटीतून ठिणग्या,
आणि वार्देन सांगतोय, सांगतोय,
दोनशे त्रेचाळिसावा धाकटा झाडाखाली जागा होतोय.

मक्वाला उठली, बाहेर गेली,
पाण्याची फळी खाली पाडली.

इतकी शांतता, की नदी परकी वाटली.
दगड झालेले पाय चोळू लागले.
आमची तीन पोती होती, मक्वाला म्हणाली.
पहिलं नेलं. तिसरं नेलं.
माझं कुठंय?
वार्देननं डावा कान पुढं केला. पुन्हा विचारावं लागलं.
मग तो खरंच बुचकळ्यात पडला.
अगं, ते दुसरं, म्हणाला.
दुसऱ्याचं कधी होतं का?

पोतं भिंतीशी होतं. दळलेलं नव्हतं.
ओल धरून आतून गरम,
मुठीत घेतलं तर दाण्यांना मोड,
पांढरे, आंधळे, बोटभर.

ते पाठीवर घेऊन ती निघाली.
गोष्टीचा शेवट कुणी म्हटला नव्हता,
आणि तो म्हटल्याशिवाय तिथं कुणी घरी जात नाही:
तिकडे कोंडा, इकडे पीठ,
तिकडे साथ, इकडे सण.
ती गेली.

पहिल्याच वळणावर, अर्थात, म्हातारी.
बेझिनाची विधवा केसारिया,
दातांचं नाव नाही, सरपणाला निघालेली.
पोरी, भाकर आहे का?

इथं थोरल्यानं काय केलं, ठाऊक होतं.
धाकट्यानं काय केलं, तेही.
मक्वाला बर्फात उभी राहिली.
खांद्यावर पोतं ऊब देत होतं.
म्हातारी म्हणाली, काय झालं?
थांब, मक्वाला म्हणाली,
थांब, मला अजून माहीत नाही.